नव्वद, ब्याऐंशी, पंच्याहत्तर

“त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे,” असं मी स्टाफरूममध्ये बोलून गेले. नुसतं बोलले असते तरी चाललं असतं, पण गणिताच्या सरांच्या डब्यातली भाजी वाढून घेता घेता बोलले, त्यामुळे ते त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं. पुढचे तीन आठवडे ते मला रोज मधल्या सुट्टीत विचारत होते, “बाई, पाच मिनिटं झाली का?”

काम होतं ते असं. विज्ञानाचं साहित्य वाटणाऱ्या एका संस्थेनं आमच्या शाळेला एक पेटी पाठवली होती. पेटीत दहा बिनतारी सेन्सर होते. सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी आणि तिला वीतभर लांबीची स्टीलची कांडी. कांडी गरम पाण्यात बुडवायची, की पाण्याचं तापमान आपोआप वर्गातल्या टॅबवर उमटतं आणि तिथल्या तिथे आलेखही निघतो. टॅब आमच्याकडे होतेच. गेल्या वर्षी आले होते आणि आल्या दिवसापासून कपाटात सुखरूप होते. आता फक्त दोघांची गाठ घालून द्यायची होती. अट एकच. तिसऱ्या शुक्रवारी संस्थेचे साहेब येणार आणि त्यांच्यासमोर मुलांनी दहाच्या दहा सेन्सरांवरून नोंदी घेऊन दाखवायच्या. जमलं तर पेटी आमची, नाहीतर पलीकडच्या शाळेची. पलीकडच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी तर फोन करून पेटीची लांबी-रुंदीही विचारून घेतली होती, कपाटात जागा करून ठेवायला.

तो फोन मला झोंबला, हे कबूल करते. पण माझ्या जिवाला लागलेली गोष्ट दुसरीच होती.

बावीस वर्षं मी आठवीला ‘पाणी थंड होण्याचा वेग’ हा प्रयोग शिकवते. शिकवते म्हणजे सांगते. प्रयोगशाळेत थर्मामीटर एक, मुलं चाळीस, आणि त्या एकाचाही पारा मध्येच तुटलेला. म्हणून मी फळ्यावर तक्ता काढते आणि म्हणते, “लिहा. नव्वद, ब्याऐंशी, पंच्याहत्तर, एकोणसत्तर, चौसष्ट, साठ.” मुलं लिहितात. वर ‘निरीक्षण’ असा मथळा देतात आणि पट्टी लावून त्याखाली रेघ मारतात. पाण्याकडे कुणीच बघत नाही, कारण पाणी नसतंच.

मागच्या महिन्यात मी रक्त तपासायला गेले होते. तिथली नर्स सुई काढता काढता म्हणाली, “बाई, ओळखलंत का मला? तुमचा प्रयोग अजून पाठ आहे. नव्वद, ब्याऐंशी, पंच्याहत्तर...” बिचारी किती कौतुकानं म्हणाली! माझं मेलीचं तोंड एवढंसं झालं. जिला जन्मभर लोकांचा ताप बघायचाय, त्या मुलीला मी न बघता आकडा लिहायला शिकवलं होतं. दंडात सुई गेली तेव्हा दुखलं नव्हतं, ते आता दुखलं.

तेव्हाच मी ठरवलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, त्याच्या आत एकदा तरी माझ्या वर्गातल्या मुलांनी डोळ्यांनी बघून आकडा लिहायचा. आकाश कोसळलं तरी लिहायचा.

आकाश कोसळलं नाही, पण आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब आडवे आले. “बाई, पेटीला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “आधी डेडस्टॉक.”

शाळेत येणारी प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढली पाहिजे आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तिचा नंबर पडला पाहिजे, हा भाऊसाहेबांचा धर्म आहे. आमच्या शाळेत खुर्च्यांवर नंबर आहेत, घंटेवर आहे आणि घंटेच्या हातोडीवर वेगळा आहे. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या तर बरोबर कपाळावर आहे. माणूस मनानं वाईट नाही. त्यांचं आयुष्यातलं दुःख एकच, ते म्हणजे साडेअकराचा चहा. कॅंटीनवाला आपल्याला चहा गार देतो, अशी त्यांची अकरा वर्षांची लेखी तक्रार आहे. “उकळता देतो हो, आईशप्पथ,” असं कॅंटीनवाल्याचं तेवढंच जुनं तोंडी उत्तर आहे. दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत, त्यामुळे तो वाद काही मिटत नाही.

नंबर घालण्यात सहा दिवस गेले. त्यातले चार ब्रश मंजूर होण्यात गेले. नंबर होता ‘मा.वि./डे.स्टॉ./विज्ञान/४१७/१’ आणि डबी काडेपेटीएवढी. नंबर एका बाजूवर मावेना, तेव्हा भाऊसाहेबांनी तो डबीला वळसा घालून पूर्ण केला. अक्षर मात्र मोत्यासारखं.

पहिला टॅब उघडला, तर पडद्यावर आलं, ‘जोडी जुळवायची आहे का?’ मी ‘हो’ दाबलं. दहा सेन्सरांची यादी आली. सगळ्यांचं नाव ‘सेन्सर’, पुढे प्रत्येकाचा वेगळा सहा आकडी क्रमांक आणि खाली सूचना, ‘आपल्या सेन्सरच्या पाठीवरचा क्रमांक ताडून पाहा.’ मी सेन्सर उलटा केला. पाठीवर लिहिलं होतं, ‘ज्ञान/४१७/३’. कंपनीचा क्रमांक त्या ‘ज्ञाना’च्या खाली गाडला गेला होता.

“मग एकेकच सुरू करा की, बाकीचे बंद ठेवा,” स्टाफरूममधून सल्ला आला. सल्ला रास्त होता. पण बंद-चालूचं बटणही रंगाखाली होतं आणि रंग वाळताना ते दाबलेल्या अवस्थेतच चिकटलं होतं. दहाही सेन्सर अखंड चालू होते. कोणता टॅब कोणत्या सेन्सरशी बोलतोय, ते देवालाच ठाऊक.

गणिताच्या सरांनी पेन काढलं. “दहा टॅब, दहा सेन्सर. छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे प्रकारे जोड्या लागू शकतात. एका प्रकाराला तुमची पाच मिनिटं धरली, तर साधारण साडेचौतीस वर्षं. तुम्हाला निवृत्तीला किती राहिली?”

“सर, डबा उघडा,” मी म्हटलं.

रविवारी मी दहावा सेन्सर आणि एक टॅब रीतसर सही करून घरी आणला. ह्यांची नोकरी टेलिफोन खात्यात झाली. तेहतीस वर्षं. ह्यांनी डबी चारही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, “तार कुठाय?”

“बिनतारी आहे.”

“तरीच. तार असती तर दोष सापडला असता. तारेला धरून चालत गेलं, की दोष कुठेतरी भेटतोच. हवेत कुठे शोधणार?” मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, “थांब, रंग तर काढून देतो.” आणि मी नको म्हणेपर्यंत ह्यांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवलासुद्धा. रंग निघाला, बटण सुटं झालं आणि रंगाबरोबर खालचा कंपनीचा क्रमांकही निघून आला. डबी जन्माला आली तेव्हासुद्धा एवढी कोरी नसेल.

म्हटलं असू दे, घरात सेन्सर एकच आहे, चुकणार कुणाशी? मी टॅब उघडला. यादीत एकच नाव होतं, तेही अगम्य अक्षरांत. मी दाबलं. ‘जोडी जुळली!’ असं आलं. पण तापमान येईना. मी पुन्हा तोडली, पुन्हा जुळवली. तासभर हा संसार चालला. एवढ्यात बेल वाजली. दारात शेजारचे आजोबा, वय एक्याऐंशी, चेहरा गंभीर.

“अगं,” ते म्हणाले, “मघापासून कुणी बाई माझ्या कानात सांगतेय. ‘बॅटरी संपत आली आहे. कृपया लक्ष द्या.’ आवाज इतका स्पष्ट की काय सांगू. मी म्हटलं, वेळ आली असेल तर येऊ दे, पण मुलाला एक फोन करावा म्हणून तुमच्याकडे आलो.”

ह्यांच्या ध्यानात ताबडतोब आलं. आजोबांचं कानातलं श्रवणयंत्र नवीन होतं आणि बिनतारी होतं. आमच्या टॅबची जोडी सेन्सरशी नाही, आजोबांच्या डाव्या कानाशी जुळली होती आणि संपत आलेली बॅटरीही टॅबचीच होती. सेन्सर बिचारा बंदच होता, कारण बटण सुटं झाल्यावर ते दाबायला हवं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजोबांना सगळं समजावून सांगितलं. ते जरा हिरमुसलेच. “म्हणजे ती बाई माझ्याशी बोलत नव्हती तर,” म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

मग मी बटण दाबलं आणि खरंच पाच मिनिटांत जोडी जुळली. पातेल्यातल्या पाण्याचा आलेख निघाला. मी ह्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणून दाखवला. पडद्यावर विचारणा आली, ‘यापुढे नेहमी आपोआप जोडायचे?’ मी आनंदाच्या भरात त्या चौकटीत खूण केली. ही खूण तेवढी ध्यानात ठेवा.

सोमवारी भाऊसाहेबांनी परत आलेला सेन्सर उजेडात धरला. नंबर नव्हता. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच पाणी द्यावंसं वाटलं. तासाभरात माझ्या हातात मेमो पडला. ‘शाळेच्या मालमत्तेवरील क्रमांक पुसल्याबद्दल खुलासा करावा.’ बावीस वर्षांत एक उशिराची खूण नाही माझ्या नावावर आणि आता मेमो! मी दोन पानी खुलासा लिहिला. ‘सदर क्रमांक हेतुपुरस्सर पुसलेला नसून पतीच्या मदत करण्याच्या स्वभावामुळे निघाला आहे,’ हे वाक्य मी तीनदा खोडून शेवटी तसंच ठेवलं.

खुलासा मान्य झाला. सेन्सर मात्र जप्त झाला. “रंगाचे दोन हात देणार,” भाऊसाहेब म्हणाले. “मग मोठ्या बाईंची सही होणार. त्या प्रशिक्षणाला गेल्यात, शुक्रवारी येतील. तोपर्यंत वस्तू कार्यालयाच्या ताब्यात.”

“भाऊसाहेब, शुक्रवारीच साहेब येणार आहेत!”

“येऊ देत. साहेबांना बिननंबराची वस्तू दाखवायची का?”

उरले नऊ. ते तरी सरळ करू म्हणून मी आठवीला कामाला लावलं. दहा टेबलं, टेबलाला चार मुलं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. चौथ्या टेबलाचं पाणी सातव्या टेबलावर दिसत होतं. सातव्यावरच्या मुलांनी पाणी ओतून दिलं तरी त्यांचा आलेख उकळतच होता. दहाव्या टेबलावर एक मुलगी बसते. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण बाई’नं सुरू होतं, म्हणून स्टाफरूममध्ये तिचं नाव पणबाई. ती म्हणाली, “पण बाई, नंबर दिसत नसू दे. एकच कांडी गरम पाण्यात घातली, तर ज्या टॅबची रेघ वर जाईल तो तिचा, नाही का?”

बावीस वर्षांत मला वर्गात कुणी काही सुचवलं नव्हतं, कारण सुचवण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. आम्ही तसंच केलं. एकेक कांडी बुडवायची, मग कुठल्या तरी टेबलावरून “आमची, आमची!” असा ओरडा व्हायचा, की चिकटपट्टी लावून खूण करायची. तीन दिवस शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून नऊ जोड्या पक्क्या झाल्या. गणिताच्या सरांना मी निरोप पाठवला, की छत्तीस लाखांचं काम नऊ बुडक्यांत झालंय.

शुक्रवार उजाडला. साहेब बारीकसे, मृदू बोलणारे, हातात एक फॉर्म. फॉर्मवर दहा रकाने. मोठ्या बाई प्रशिक्षणाहून थेट वर्गावर आल्या, त्यामुळे सही राहिली ती राहिलीच. मी नऊ टेबलांवर पाणी वाटलं. दहाव्या टेबलाला म्हटलं, “तुम्ही टॅब उघडून नुसतं बसा. शेजारचं बघा.” मनात म्हटलं, साहेबांना हात जोडून खरं सांगू.

नऊ रेषा छान उतरत होत्या. साहेबांनी नऊ रकान्यांत खुणा केल्या आणि दहाव्या टेबलाकडे वळले. मोठ्या बाई माझ्या कानाशी लागल्या, “काहीतरी दाखवा हो! पेटी जाईल.”

आणि जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. मी पणबाईच्या वहीवर वाकले आणि माझ्या तोंडून, मी काही ठरवायच्या आत, हळूच बाहेर पडलं, “लिही. नव्वद, ब्याऐंशी, पंच्याहत्तर...”

तिनं पेन उचललं नाही. वर बघून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पण बाई, इथे तर एकोणतीस दिसतंय.”

मी टॅब पाहिला. खरंच एक रेघ चालली होती, एकोणतीसवर, आडवी. टेबलावर ना पाणी, ना सेन्सर. तेवढ्यात, अकरा बत्तीसला, रेघ ताडकन उठली आणि एकाहत्तरवर जाऊन बसली. साहेबांनी चष्मा वर केला. “यांचं पाणी कुठे आहे?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी वर्गात प्रथमच उच्चारले. “पण शोधता येईल.”

टॅबच्या कोपऱ्यात जोडी किती जवळ आहे ते दाखवणाऱ्या चार दांड्या असतात. पणबाईनं टॅब हातात घेतला आणि निघाली. खिडकीकडे गेली, दांड्या कमी झाल्या. दाराकडे वळली, वाढल्या. पाठोपाठ मी, साहेब, मोठ्या बाई आणि आठवीची उरलेली एकोणचाळीस मुलं. तारेला धरून चालत गेलं की दोष भेटतो, असं हे म्हणतात ते आठवलं. तार नव्हती, तरी चालत होतो. व्हरांड्यातून पुढच्याच दारात चौथी दांडी पेटली. ते कार्यालय होतं.

आलेला चहा तसाच ठेवून भाऊसाहेब रोजच्यासारखे रजिस्टरात मान घालून लिहीत होते. शेजारी फाइलींचा ढीग, ढिगाजवळ चहाचा ग्लास आणि ग्लासात, ताज्या रंगातला ‘४१७/१०’ दिमाखात मिरवत, माझा दहावा सेन्सर उभा. नव्या रंगाखाली त्याचं बटण पुन्हा दाबलेलंच चिकटलं होतं आणि पणबाईच्या हातातला टॅब तोच होता, रविवारी मी खूण केलेला.

भाऊसाहेब दचकून उठले. “चमचा दिला नव्हता त्यानं,” ते म्हणाले. “साखर ढवळायची होती. वस्तू कार्यालयाच्या ताब्यातच आहे.” आणि त्यांनी ग्लासाकडे हात नेला.

“खबरदार!” मी ओरडले. “चहा प्यायचा नाही! प्रयोग चालू आहे.”

मेमो मिळालेल्या बाईनं मेमो देणाऱ्यावर असं ओरडायचं नसतं, पण तोंडातून गेलं. भाऊसाहेब खाली बसले. पणबाईनं त्यांच्या टेबलाच्या कडेवर वही ठेवली आणि दर दोन मिनिटांनी टॅब बघून आकडा लिहायला लागली. एकाहत्तर. सदुसष्ट. त्रेसष्ट. साठ. चाळीस मुलं एका ग्लासाकडे टक लावून उभी होती. रेघ उतरत होती आणि ती आता मला पाठ नव्हती. मला रडू आलं. मी ते पदरानं पुसलं नाही, साहेबांनी पाहिलं तरी पाहू दे म्हटलं.

पंचेचाळीसवर भाऊसाहेबांनी विचारलं, “आता तरी पिऊ का?” एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. “बघा साहेब. गार. रोज हेच.”

साहेब पणबाईला म्हणाले, “निष्कर्ष काय लिहिणार?”

तिनं आलेखाच्या सुरुवातीला बोट ठेवलं. “चहा येतो तेव्हा एकाहत्तर अंश असतो. तो फाइलींजवळ वीस-बावीस मिनिटं राहतो, म्हणून गार होतो. कॅंटीनवाले काका खरं बोलतात.” मग म्हणाली, “पण बाई, भाऊसाहेबही खरंच बोलतात. ते पितात तेव्हा तो गारच असतो.”

ग्लास न्यायला आलेला कॅंटीनवाला दारातच उभा होता. “अकरा वर्षं!” तो एवढंच म्हणाला. मग त्या आलेखाची एक प्रत मिळेल का, असं त्यानं अदबीनं विचारलं. भाऊसाहेबांनी रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “प्रत द्या त्याला. आवक-जावकमध्ये नोंद करून द्या.”

साहेबांनी दहाव्या रकान्यात खूण केली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, मघाशी तुम्ही तिला आकडे सांगत होतात.”

“हो,” मी म्हटलं. “सवय आहे. चुकलं माझं.”

“आमच्या सरांचे आकडे पंच्याऐंशीपासून होते,” साहेब म्हणाले. “मलाही पाठ आहेत.” एवढं बोलून ते गेले.

पेटी राहिली. पलीकडच्या शाळेतल्या सरांनी कपाटात केलेल्या जागेचं काय केलं, ते कळलं नाही. मला मात्र एक भुर्दंड बसला. पूर्वी मी एक वही तपासून उरलेल्या एकोणचाळिसांवर डोळे मिटून सही करायची. या वेळी प्रत्येक टेबलाचे आकडे वेगळे, आलेख वेगळे, चुकासुद्धा वेगळ्या. दोन दिवस मान मोडून सगळ्या वह्या वाचाव्या लागल्या. “पाच मिनिटांत येते म्हणालीस,” असं हे दारातून दोनदा म्हणून गेले.

मंगळवारी मला पुन्हा रक्त द्यायला जायचंय. चहाच्या आलेखाची एक प्रत मी पर्समध्ये घालून ठेवली आहे. ती मुलगी हसून ‘नव्वद, ब्याऐंशी’ म्हणायला लागली, की तिचा हात धरून तिला सांगणार आहे, नव्वद नव्हतं गं, एकाहत्तर होतं.